तलावाची बाग : पावसाळा, हिवाळा आणि अर्धा उन्हाळा वापरून झाल्यावर

आमच्या तालुक्याच्या गावाला आणि आसपासच्या खेड्यांना ज्या तलावाचं पाणी नळानं येतं, त्याच्या पाळीला लागून गेल्या पावसाळ्यात बाग सुरू झाली. यवतमाळ जिल्ह्यातला, दोन टेकड्यांमधला, मातीच्या भिंतीचा तलाव. तेव्हापासून मी तिथं नेमानं जातो, सकाळी फिरायला एकटा आणि रविवारी घरच्यांसोबत. कोणीही विचारतं ते एकच : पाण्यात उतरू देत नाहीत म्हणे, मग जायचं कशाला?

नाही, उतरू देत नाहीत. पोहणं, पाय बुडवून बसणं, कपडे धुणं, गाडी धुणं, जनावरं पाण्यात घालणं, निर्माल्य टाकणं, सगळ्याला मनाई आहे. भिंतीच्या दगडी पिचिंगवर, म्हणजे पाण्याकडच्या उतारावर रचलेल्या दगडांवर, उतरता येत नाही, जॅकवेलच्या (पाणी उपसायच्या विहिरीच्या) बाजूला तारेचं कुंपण आहे, डबा फक्त शेडमध्ये खायचा, मोटारसायकल फाटकाबाहेर. आणि हे सगळं मला पूर्णपणे पटतं. आपलं शुद्धीकरण केंद्र तुरटीनं गढूळपणा खाली बसवतं, वाळूच्या थरातून पाणी गाळतं आणि शेवटी क्लोरीन देतं. पाण्यात घाण जितकी जास्त, तितकं क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं आणि शेवटच्या घराच्या नळापर्यंत उरत नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतला जंतू अजिबात सापडू नये, असं भारतीय मानक सांगतं. शंभर माणसं रविवारी पाण्यात डुंबली, तर सोमवारी त्याचा भार केंद्रावर आणि मंगळवारी आपल्या माठात. शिवाय जीव जातात, तो भाग वेगळाच. पिचिंगच्या दगडांवर शेवाळ असतं. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की मांडीपर्यंत रुततो.

पण नियम फलकावर लिहिल्यानं पाळला जात नाही, हे एवढ्या महिन्यांत मी डोळ्यांनी पाहिलं. जिथं लोकांची सोय करून दिली, तिथं तो पाळला गेला.

पोळ्याचंच घ्या. खांदशेकणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैल धुवायला पूर्वी सगळं गाव तलावावर यायचं. यंदा फाटकाबाहेर, सांडव्याच्या खालच्या अंगाला, मोठा हौद बांधून भरून ठेवला होता. एक म्हातारे काका तरीही बैलजोडी घेऊन थेट पाळीकडे निघाले. रखवालदार आडवा आला तर म्हणाले, "काहून भाऊ, माह्या बापानं येथीसाच बैल धुतले." तो शांतपणे म्हणाला, "काका, हौद भरून ठेवला न जी, तेथी धुवा. हे पाणी तुमच्याच नातवाले प्याचं आहे." काका क्षणभर थांबले आणि बैल वळवले. त्या दिवशी एकही बैल तलावात उतरला नाही. मनाईचा फलक तिथं होताच. काम हौदानं केलं.

याच्या उलट गणपतीत झालं. विसर्जनाचं कुंड इतकं लहान ठेवलं की दीड दिवसाच्या मूर्तींनीच अर्धं भरलं. अनंत चतुर्दशीला मंडळांनी मोठ्या मूर्ती तलावाच्या पलीकडच्या टोकाला नेल्या, तिथं कुंपण नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती विरघळत नाही. डिसेंबरात पाणी थोडं उतरलं तेव्हा तिथं हात, सोंडा, रंगाची पोपडी काठावर पडलेली होती. मला ते बघवलं नाही.

शौचालयाचं तर विचारूच नका. दोन आहेत, एकाला बहुतेक वेळा कुलूप, दुसऱ्यात दुपारनंतर पाणी नाही. बाया-मुलींनी काय करायचं? पुरुष सरळ झुडपांमागं जातात आणि तो उतार पाण्याकडे आहे. पहिल्या जोरदार पावसात ते सगळं कुठं जाणार, हे सांगायला नको. पाय बुडवू न देणाऱ्या बागेत शौचालय बंद असणं मला अजिबात मान्य नाही. दहा रुपयांच्या तिकिटातून आधी तेवढं करावं, कारंजं नंतर.

आता चांगलं. पाळीवरची पायवाट उत्तम आहे, मुरूम नीट दाबलेला, म्हाताऱ्या माणसांना चालायला सोपी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्योदयाला जा. चक्रवाकांच्या जोड्या येतात, तलवार बदकांचे थवे उतरतात, पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात. लोक आणि गाड्या पाण्यापासून लांब आहेत, म्हणूनच ही पाखरं काठाशी निवांत असतात. माझ्या पुतणीनं दुर्बीण मागून घेतली आणि आता तीच आम्हाला पाखरं ओळखून दाखवते. गळ टाकायला परवानगी नाही, पण ढीवर बांधवांची मच्छीमार संस्था सकाळी जाळी काढते आणि फाटकाशी ताजा रोहू, कतला मिळतो. बोटिंगची मागणी काही जण करतात. पेट्रोल-डिझेलची बोट या पाण्यात येऊ नये, असं माझं ठाम मत आहे. खेळणी ठीक आहेत. लोखंडी घसरगुंडी मार्चपासून दुपारी तापते, पोरांना सकाळीच न्या. सावलीला जुने कडुनिंब आहेत, नवी लावलेली झाडं अजून कमरेएवढीही नाहीत. पिण्याचं पाणी घरून न्यावं.

२०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली तेव्हा यवतमाळ शहरानं काय सोसलं, ते आमच्याकडं कोणी विसरलेलं नाही. हा तलाव नासला तर आपल्यावरही तीच वेळ येईल, म्हणून एक मोठी उणीव सांगतो. मनाईच्या फलकावर प्लास्टिक आहे, थुंकणं आहे, पण फवारणीचा पंप धुणं नाही. कपाशीच्या हंगामात शेतातून परतताना पंप काठाशी विसळणारे मी पुन्हा पुन्हा पाहिले. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्याच जिल्ह्यात शेतकरी, शेतमजूर दगावले. ते औषध किती जहाल आहे हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? क्लोरीन जंतू मारतं, तुरटी माती बसवते. विरघळलेलं कीटकनाशक काढण्यासाठी आपल्या केंद्रात काहीच नाही. इथंही नुसती मनाई करून भागणार नाही, कारण मजुराजवळ शेतात पाणीच नसतं. पंप शेतातच तीनदा विसळून ते पाणी पिकावरच फवारायचं, ही योग्य रीत. त्यासाठी पोळ्याच्या हौदाला एक तोटी बसवली तर लोक ड्रम भरून बैलबंडीतून शेतात नेतील. हौद आहे, बंडीचा रस्ता आहे. ग्रामसभेत हे लेखी दिलं आहे, उत्तर अजून आलेलं नाही, आणि जुलैत फवारणी सुरू होईल.