कृत्रिम पाय बनवायला शिकायचंय: बीपीओची पदवी की वर्कशॉप?

पेशंटशी संबंध हवा आणि हातात हत्यारंही हवीत, अशांना प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स (कृत्रिम हातपाय आणि अवयवांना आधार देणारी साधनं बनवण्याचं शास्त्र) मानवतं. यायच्या वाटा मुख्यतः दोन.

एक बीपीओची, म्हणजे बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्सची: चार वर्षं शिक्षण, वर सहा महिने इंटर्नशिप. मुंबईत हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे. लांब जायची तयारी असेल तर कोलकाता किंवा कटकजवळचं ओलतपूर. दुसरी वाट म्हणजे लिंब सेंटरच्या (कृत्रिम हातपाय बसवणाऱ्या केंद्राच्या) वर्कशॉपमध्ये उस्तादाच्या हाताखाली लागायचं. तिला कमी लेखू नका. जयपूर फूट 1968च्या सुमारास आकाराला आला, त्यात डॉ. प्रमोद करण सेठींइतकाच वाटा रामचंद्र शर्मा या कारागिराचा. अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल असं ते पाऊल.

हाताच्या सफाईत वर्कशॉपवालाच पुढे. गुडघ्याखालच्या पायाचं सॉकेट घ्या, म्हणजे पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो ती खोबण. स्टंपवर, म्हणजे त्या उरलेल्या भागावर, प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा काढायचा, त्यात प्लास्टर ओतून मॉडेल करायचं, मग कानस. गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा भार सोसतो, म्हणून मॉडेलवर तिथलं प्लास्टर खरवडायचं. बाहेरच्या अंगाला फिब्युलाचं (पोटरीतल्या बारीक हाडाचं) डोकं असतं, तिथे उलट थर चढवायचा, नाहीतर हाड आणि शेजारची नस दबते. हे बघून बघून येतं.

अडतं पुढे. पेशंट चालायला लागला आणि पाऊल टाकताना गुडघा बाहेर फेकला जातोय. पाऊल प्रमाणाबाहेर आत बसलंय, सॉकेट ढिलं आहे, की गुडघ्याचे बंधच सैल? बायोमेकॅनिक्स पक्कं नसेल तर माणूस अंदाजाने स्क्रू फिरवत बसतो. ऑर्थोटिक्समध्ये तर हे जास्तच. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला एएफओ (घोटा-पावलाला आधार देणारं साधन) कडक द्यायचा की घोट्यात सांधा असलेला, हे मापावरून ठरत नाही, तपासणीवरून ठरतं.

शिवाय कायदा आहे. 1992च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे प्रोस्थेटिस्ट म्हणून काम करायला परिषदेची नोंदणी लागते आणि ती मान्यताप्राप्त कोर्सवरच मिळते. त्यामुळे कुठल्याही कॉलेजची फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत त्याचं नाव बघाच.

माझं मत: नुकती बारावी सायन्स झाली असेल तर डोळे झाकून पदवी. आयटीआय झालंय, घर चालवायचंय, तर वर्कशॉप. पगार उशिरा वाढेल, पण चांगल्या टेक्निशियनवाचून सेंटरचं पान हलत नाही.

त्याआधी एखाद्या लिंब सेंटरमध्ये परवानगी काढून दिवसभर बसा. प्लास्टरची धूळ, रेझिनचा वास, नुकता भरलेला स्टंप. हे सोसत नसेल तर दोन्ही वाटा सोडा.