अर्ली मॉडर्न लेटर्स ऑनलाइन : पत्र शोधायला उत्तम, वाचायला नाही

सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या युरोपीय पंडितांचा पत्रव्यवहार धुंडाळायचा असेल, तर सुरुवात ऑक्सफर्डच्या या संकेतस्थळापासूनच करावी. फुकट आहे, खातंही उघडावं लागत नाही. बॉडलियन ग्रंथालयाच्या जुन्या कार्डांवरच्या 48,000हून जास्त पत्रांच्या नोंदी हा पाया. पुढे संशोधकांनी केलेल्या एकेका पत्रव्यवहाराच्या याद्यांची त्यात भर पडत गेली.

मात्र ही सूची आहे. लिहिणारा, घेणारा, ठिकाणं, तारीख, मूळ कागद कुठल्या दप्तरात आणि छापील प्रत कुठल्या खंडात, एवढं कळतं. पूर्ण मजकूर बहुतेकदा नसतो. मजकुरात शब्द शोधायचा असेल तर ‘एपिस्टोलारियम’ हे डच संकेतस्थळ गाठा. तिथे देकार्त, ग्रोशियस, हायगेन्स पितापुत्र अशा सतराव्या शतकातल्या पंडितांची मिळून सुमारे 20,000 पत्रं आहेत. सतराव्या शतकात लंडनमध्ये राहून युरोपभर पत्रव्यवहार करणाऱ्या सॅम्युएल हार्टलिबचे कागद शेफील्ड विद्यापीठाने अक्षरशः उतरवून ठेवलेत.

खरी गोम तारखांत आहे. इंग्लंडात 1752पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि कागदोपत्री नवं वर्ष 25 मार्चला लागे. फ्रान्समध्ये मात्र नवं ग्रेगोरियन कॅलेंडर होतं, सतराव्या शतकात जुन्याच्या 10 दिवस पुढे. समजा, लंडनच्या पत्रावर 20 फेब्रुवारी 1665 आहे आणि पॅरिसच्या उत्तरावर 8 मार्च 1666. वरवर वर्षभराचा उशीर! प्रत्यक्षात वर्ष 1666 धरून 10 दिवस मिळवले की लंडनची तारीख 2 मार्च निघते. म्हणजे उत्तर सहा दिवसांत निघालं. एकट्या डच प्रजासत्ताकातही हा घोळ आहे: हेगमध्ये 1583पासून नवं कॅलेंडर, उत्रेख्तमध्ये थेट 1700च्या शेवटी. म्हणून नोंदीतली मूळ तारीख आणि कॅलेंडर दोन्ही पाहिल्याशिवाय पत्रांचा क्रम लावू नका.

नोंदीत एखादं नाव किंवा तारीख ‘अनुमानित’ दाखवलेली असेल तर तिकडे डोळेझाक नको. तेव्हा बहुधा वेगळं पाकीट नसे. कागदाची घडी घालून लाखेने बंद करत आणि पत्ता बाहेरच्या बाजूला लिहीत. ते पान गेलं, किंवा हाती फक्त नकलवहीतली प्रत लागली, की पत्र कुणाला हे तर्कानेच ठरवावं लागतं. पत्ता शाबूत असला तरी फसगत होतेच: लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा चिटणीस ओल्डेनबर्ग परदेशी टपाल ‘ग्रुबेंडोल’ नावाने मागवायचा. स्वतःच्याच नावातली अक्षरं उलटीपालटी केलेली!

पत्रसंख्येचे आलेख काढणाऱ्यांनी तर फारच जपून. हार्टलिबच्या दप्तरात त्याला आलेली पत्रं भरपूर, त्याने धाडलेली त्यामानाने थोडी. त्याचा अर्थ तो उत्तरं देत नव्हता असा नाही; ती पत्रं इतरांच्या घरी गेली, आणि प्रत्येक घराने काही दप्तर सांभाळलं नाही. एकाच पत्राचा मसुदा, पाठवलेली प्रत आणि नक्कल तीन ठिकाणी असू शकतात, तेव्हा मोजण्याआधी दुबार नोंदी चाळून काढा.