१०×५० ची दुर्बीण : नऊ महिने वापरल्यानंतर

पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसती आरती ओवाळली असती, तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. म्हणून नऊ महिने थांबले.

आधी घेतली का, ते सांगते. वय ४६, काम हिशेबाचं, दिवसभर डोळे स्क्रीनवर. रात्री आडवं झालं की हातात फोन, आणि फोन ठेवला की झोप पळालेली. डॉक्टर म्हणाले, झोपण्याआधी तासभर फोन बंद. ठीक आहे, पण त्या तासात माणसाने करायचं काय, हे कुणी सांगत नाही. पुस्तक धरलं तर पुन्हा चष्मा, पुन्हा दिवा, पुन्हा डोळेच. विणकाम करून पाहिलं. त्या मफलरचा पहिला वीतभर भाग कपाटात आहे, बाकीचा अजून लोकरीच्या गुंड्यातच आहे. शेवटी जानेवारीत दुर्बीण घेतली. नळीवाली मोठी नव्हे, दोन्ही डोळ्यांनी बघायची साधी, १०×५० ची.

या आकड्यांचा अर्थ दुकानदार धड सांगत नाहीत. दहा म्हणजे दहा पट मोठं, पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पन्नासला दहाने भागलं की पाच येतात. तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पण वय वाढलं की ती तेवढी उघडत नाही. म्हणजे ७×५० घेतली असती तर माझ्या वयाला बराचसा प्रकाश बाहुलीच्या बाहेरच सांडला असता. चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट बघा. डोळा नेत्रिकेपासून (म्हणजे डोळ्याकडच्या भिंगापासून) किती लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं, ते अंतर निदान १५ मिलिमीटर हवं. मला सिलिंड्रिकल नंबर आहे, त्यामुळे चष्मा काढून बघितलं की प्रत्येक ताऱ्याला शेपूट फुटते. नेत्रिकेवरचे रबरी कप दुमडून चष्म्यासकटच बघते.

आता शिव्यांचा भाग.

पहिला नग सदोष निघाला. बघितलं की पाचव्या मिनिटाला कपाळ ठणकायचं. आठवडाभर मला वाटलं, माझेच डोळे बिघडले. मग एकदा लांबच्या खांबाच्या टोकावर रोखली, नजर ढिली सोडली आणि टोकं दोन दिसली. दोन नळ्या एका दिशेला नव्हत्याच! डोळे बिचारे ओढाताण करून दोन चित्रं एक करत होते, म्हणून डोकं दुखत होतं. बदलून मिळाली, पण तीन आठवडे आणि पाच फोन गेले त्यात. घेतल्या दिवशीच ही खांबाची परीक्षा करा.

दुसरं, हात. वजन किलोच्या आसपास आहे. दहा पट दृश्य म्हणजे हाताची थरथरही दहा पट. पहिल्या रात्री भाचीच्या हातात दिली तर म्हणाली, "मावशी, चंद्र नाचतोय गं." नाचतच होता. कोपरं कठड्यावर टेकवणं, भिंतीला पाठ लावणं, श्वास सोडून थांबणं, हे जमायला महिना गेला. मग ट्रायपॉडला जोडायची पट्टी घेतली. तिचा स्क्रू दर दोन दिवसांनी ढिला होतो.

तिसरं, मान. डोक्यावरचं काही बघायचं तर मानेची काशी होते. फेब्रुवारीत चार दिवस डावीकडे वळता येत नव्हतं. तब्येतीसाठी घेतलेल्या वस्तूने फिजिओथेरपिस्टकडे नेलं, हेही नोंदवून ठेवते. आता आरामखुर्चीत रेलून बघते.

एवढं असून टिकली कशी? त्याचं कारण दुर्बिणीत नाहीच, तिच्या आधीच्या अर्ध्या तासात आहे. अंधाराला डोळा नीट सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्ये एकदा जरी फोनची स्क्रीन पाहिली तरी सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरांचा सल्ला मी रोज मोडायचे. हा नियम मोडता येत नाही, कारण शिक्षा तिथल्या तिथे मिळते. तर त्या अर्ध्या तासात मी खुर्चीत नुसती बसते. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी हात खिशाकडे जायचा. आता वही मांडीवर असते आणि लाल कागद गुंडाळलेली विजेरी, तिने डोळा फारसा बिघडत नाही.

वहीचं आधी ठरलं नव्हतं. सुरू झाली ती गुरूमुळे. जानेवारीत तो रात्रभर होता. कोपरं टेकवून रोखल्यावर त्याच्या बाजूला एका रेषेत तीन बारीक ठिपके दिसले. आधी वाटलं, भिंगावरची धूळ. दुर्बीण हलवली, तर ठिपके गुरूबरोबरच हलले. वहीत एक गोल आणि तीन टिंबं काढली. दुसऱ्या रात्री टिंबं वेगळ्या जागी, आणि चार. मग सलग अकरा रात्री काढली. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हीच टिंबं टिपली होती, साधारण वीस पट दाखवणाऱ्या नळीतून, पण हे ठिपके गुरूचे चंद्र आहेत हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. मला उत्तर माहीत होतं, तरी एका रात्री दोनच दिसले तेव्हा मी तासभर हलले नाही. गुरूच्या कडेपासून तिसरा हळूच सुटा झाला तेव्हा अगदी लहान मुलासारखी टाळी वाजवली. या चारांतला सगळ्यात आतला आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, पण गुरूच्या झगमगाटात माझ्या दुर्बिणीला क्वचितच सापडतो. गॅनिमीड हुकमी. त्याला आठवडाभर लागतो.

चित्रकलेत मी शाळेपासून ढ. पण टिंबांवरून कृत्तिकांवर गेले (नुसत्या डोळ्यांना सहा-सात, दुर्बिणीत डझनावारी), तिथून चंद्राच्या विवरांवर, आणि आता पेन्सिलने सावली भरता येते. चंद्र पौर्णिमेला बघू नका, पांढरी थाळी दिसते फक्त. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात, सगळी गंमत तिथे आहे.

अपेक्षा बेताच्या ठेवा. मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी असतो, इथे राखाडी धूर. शनीची कडी दिसत नाहीत, फार तर तो लांबट वाटतो. कड्यांसाठी पंचवीसेक पट तरी लागतं. ढगांनी मधला दीड महिना खाल्ला. आणि सूर्याच्या दिशेला ही चुकूनही रोखायची नाही, डोळा कायमचा जाईल.

झोपेचं म्हणाल तर पूर्वी एक वाजायचा, आता बहुतेक रात्री साडेअकराला डोळा लागतो. बहुतेकच म्हणते, कारण काही रात्री "एवढं एक बघून घेऊ" करत दोन वाजलेत. ढगाळ रात्री मी अजूनही फोन घेऊन पडते, हेही खरं.

मागच्या आठवड्यात चंद्र नव्हता तेव्हा देवयानी दीर्घिका सापडली. थेट बघितलं तर विरते, जरा बाजूला नजर ठेवली की उमटते, कारण मंद उजेड पकडणाऱ्या पेशी डोळ्याच्या मधोमध नसतात. पुसट कापसाचा बोळा, बाकी काही नाही. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला.

भाचीला बोलावून दाखवायला गेले, तर तिला दोन वेगळे गोल दिसले. नळ्या पूर्ण मिटवल्या तरी तिच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर त्याहून कमी पडतं. तिच्यासाठी आता जास्त मिटणारी, हलकी ८×३० शोधतेय. माझी काही देणार नाही.