रिकामं स्टेडियम की थांबलेला हंगाम?

१६ मे २०२० रोजी जर्मनीची फुटबॉल लीग बुंडेसलिगा प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली. त्याआधीच नेदरलँड्सने आपली लीग विजेता न ठरवताच संपवली होती. कोविडच्या साथीच्या काळात व्यावसायिक खेळापुढे हेच दोन रस्ते होते.

बंद दाराआड खेळण्याची मोठी जमेची बाजू म्हणजे प्रक्षेपणाचा पैसा. त्यावर क्लबांतल्या साध्या कर्मचाऱ्यांचेही पगार निघतात. पण नुसत्या खुर्च्या रिकाम्या ठेवून भागत नाही. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगने ऑर्लँडोजवळ २२ संघ एकाच संकुलात ठेवले, सतत चाचण्या केल्या आणि ऑक्टोबरात हंगाम पूर्ण केला. खेळाडू मात्र आठवडेच्या आठवडे घरापासून तुटले. हा ताण हिशेबात धरलाच जात नाही, याचं मला वाईट वाटतं. शिवाय असं कडं, म्हणजे बायो-बबल, अभेद्य नसतं. २०२० ची आयपीएल यूएईत पार पडली, पण मे २०२१ मध्ये भारतात बायो-बबलमध्येच संसर्ग शिरला आणि स्पर्धा मध्येच थांबवावी लागली.

थांबणं सुरक्षित खरं, पण न्याय्य असेलच असं नाही. फ्रान्समध्ये दहा फेऱ्या शिल्लक असतानाच आमियाँ आणि तुलूज हे फुटबॉल क्लब खालच्या श्रेणीत ढकलले गेले. मैदानावर सावरण्याची संधीच मिळाली नाही. रद्द झालेल्या विम्बल्डनला विम्याने हात दिला, तो आधार इतरांना कुठला?

माझा कौल प्रेक्षकांविना खेळण्याला आहे, पण एका अटीवर: खेळाडूंच्या चाचण्यांसाठी एकाही रुग्णाची चाचणी अडता कामा नये. रुग्णालयं भरलेली असतील, तर सामना थांबलाच पाहिजे.