जगज्जेत्यांची सायकल आपण घ्यावी का? कॅनियन स्पीडमॅक्स सीएफआर

ऑक्टोबर 2024 मध्ये हवाईतल्या कोनाला पुरुषांची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा झाली, म्हणजे पोहणं, सायकल आणि मॅरेथॉन सलग. सॅम लेडलोने 180 किलोमीटर सायकलिंग 3 तास 57 मिनिटे 22 सेकंदांत संपवून तिथला सायकलिंगचा विक्रम मोडला, आणि नंतरच्या मॅरेथॉनमध्ये तो पार मागे पडला. पॅट्रिक लांगेने 2:37:34 ची मॅरेथॉन धावून एकूण 7:35:53 वेळेत स्पर्धा जिंकली. तो एकूण वेळेचा विक्रम ठरला. दोघेही कॅनियन या सायकल कंपनीने पुरस्कृत केलेले खेळाडू, दोघांकडेही तिची ट्रायथलॉन सायकल स्पीडमॅक्स सीएफआर. म्हणजे सायकल तीच आणि निकाल दोन टोकांचे. ही सायकल घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे लक्षात घ्या.

विजेत्याच्या सायकलवर जे नाव दिसतं ते कराराने आलेलं असतं. कोनाला पहिल्या क्रमांकाचं बक्षीस 1,25,000 डॉलर आहे आणि पुढच्या क्रमांकांना ते झपाट्याने कमी होत जातं, त्यामुळे व्यावसायिक खेळाडूचं वर्ष बहुतांशी प्रायोजकांवर चालतं. वरच्या मोजक्या खेळाडूंना सायकलीसोबत मानधन आणि विजयाचा बोनस मिळतो. खालच्या फळीतल्या अनेकांना फक्त सायकल मिळते, काहींना तीही सवलतीत. यान फ्रोडेनो 2014 साली स्पेशलाइज्डवर होता. तो कॅनियनवर आला आणि 2015, 2016 व 2019 मध्ये कोना जिंकला. सेबास्टियन कीनलेने 2014 ची कोना स्कॉट प्लाझ्मावर जिंकली होती, डॅनिएला रिफने 2018 चा 8:26:18 चा विक्रम फेल्टवर केला, आणि लूसी चार्ल्स-बार्कलीने 2023 ची कोना क्यूबवर मारली. तेव्हा कोणाच्या पायाखाली कोणता ब्रँड होता, यावरून सायकलचा वेग ठरवू नका.

मग पैसे कशाचे मोजायचे? 2020 च्या शेवटी आलेल्या स्पीडमॅक्सच्या या पिढीची खरी कमाई म्हणजे सामान फ्रेमच्या पोटात गेलं. पाण्याची टाकी फ्रेममध्येच आहे, वरून भरता येते आणि पिण्याची नळी दोन हातांच्या मधे वर येते. जेल आणि अन्नाचा डबा वरच्या नळीत, हत्यारं आणि सुटी ट्यूब बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस जिथे फ्रेममध्ये बसतो त्या जागेच्या) बाजूच्या कप्प्यात. वाऱ्याच्या तोंडी बाहेर काही लटकत नाही. सायकलिंग महासंघाच्या नियमात अशी फ्रेम बसत नाही, पण ट्रायथलॉनमध्ये ती चालते. शर्यतीत एरो पोझिशन (वारा कमी लागावा म्हणून वाकून बसण्याची स्थिती) न सोडता पिता येणं ही फार मोठी सोय आहे, कारण हवेच्या रोधात साधारण तीन चतुर्थांश वाटा स्वाराच्या शरीराचा असतो. बाटली घ्यायला दर पंधरा मिनिटांनी उठून बसणारा माणूस महागड्या फ्रेमचा फायदा तिथेच घालवतो.

पण टाकीची निगा राखावी लागते. साखर आणि मीठ घातलेलं पेय आत दोन दिवस राहिलं की बुळबुळीत थर धरतो, नळीत काळे ठिपके दिसू लागतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत हे आणखी लवकर होतं. प्रत्येक राइडनंतर कोमट पाणी आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून हलवा, नळीतून बारीक लांब ब्रश फिरवा, नळीच्या टोकाचा चावा (दातांत धरून प्यायची झडप) काढून वेगळा धुवा, आणि झाकण उघडं ठेवून वाळवा. सरावाला टाकीत साधं पाणीच ठेवा, पेय मागच्या बाटलीत घ्या. दुसरी अडचण शर्यतीतली. एड स्टेशनवर (वाटेत पाणी-खाणं देणाऱ्या ठिकाणी) हातात येते ती साधी गोल बाटली. ती घेऊन टाकीत ओतायची, रिकामी बाटली ठरवलेल्या पट्ट्यातच टाकायची, आणि हे सगळं एका हाताने चालत्या सायकलवर. याचा सराव मोकळ्या रस्त्यावर आधी करा. सीटमागे बाटलीचा पिंजरा लावला असेल तर त्याची पकड तपासा. खड्ड्यावर बाटली उडून जाणं हा नेहमीचा अपघात आहे, आणि मागून येणाऱ्यासाठी तो धोकादायक आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट कॉकपिट, म्हणजे हात टेकवायचा पुढचा भाग. पुढच्या एका खांबावर कोपरांच्या गाद्या आणि एरोबार (हात पुढे धरायचे दांडे) उभे राहतात. स्पेसर घालून उंची वाढते, कोन बदलता येतो. वरच्या खेळाडूंच्या हाताखाली मात्र दुकानातला भाग क्वचितच असतो. अनेकांनी हाताचं माप देऊन कार्बनचे साचे करून घेतलेले असतात, मागे मोठ्या चकत्यांचा डिरेल्युर (गिअर बदलणारा भाग), साखळीवर मेण, आणि मेकॅनिक सोबत. फोटोतल्या सायकलचा वेग या सगळ्यासकट आहे. खोक्यातून येते ती त्याची सुरुवात.

म्हणून घेण्याआधी दोन आकडे काढा. सध्याच्या सायकलवर, ज्या स्थितीत तुम्ही दोन-तीन तास आरामात बसता, तिथे सायकल भिंतीला लावून सपाट जमिनीवर उभी करा. जमिनीपासून कोपराच्या गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मोजा, त्यातून जमिनीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंतची उंची वजा करा. हा पॅड स्टॅक. गादी 920 मिमीवर आणि ब्रॅकेट 270 मिमीवर असेल, तर पॅड स्टॅक 650 मिमी. मग गादीच्या मध्यापासून ओळंबा सोडा आणि तो ब्रॅकेटच्या मध्याच्या किती पुढे पडतो ते मोजा. हा पॅड रीच. कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक साइझला या दोन्हींची मर्यादा दिलेली असते. तुमचे आकडे मर्यादेच्या मध्याजवळ येतील ती साइझ घ्या. अगदी टोकावर आले, तर वर्षभराने पाठ मोकळी झाल्यावर किंवा मान दुखू लागल्यावर सरकायला जागा उरत नाही. उंची विचारून साइझ सांगणाऱ्या विक्रेत्याला थांबवा. सारख्या उंचीच्या दोन माणसांची धडाची आणि पायांची लांबी वेगळी असते.

क्रँक (पेडलचा दांडा) आखूड मागा. 165 मिमी ही आता अगदी सर्वसाधारण निवड आहे. पाय वर येताना मांडी पोटाला कमी दाबते, नितंबाचा कोन उघडा राहतो आणि उतरल्यावर धावायला त्रास कमी होतो. क्रँक साडेसात मिमीने आखूड केला तर सीट साधारण तेवढीच वर घ्या, नाहीतर सगळा फायदा गुडघ्यात जाईल.

कॅनियन थेट ग्राहकाला विकते, त्यामुळे सायकल खोक्यात येते आणि शेवटची जोडणी तुमच्या हातात राहते. कार्बनच्या प्रत्येक सांध्याला कार्बन पेस्ट लावा आणि बोल्टवर छापलेल्या टॉर्कनेच आवळा, सोबत आलेलं टॉर्क रेंच वापरून. सीट-पोस्टचा बोल्ट कोरडा आवळला की शंभर किलोमीटरनंतर सीट खाली सरकते. मग माणूस जास्त जोर लावतो आणि पोस्टला चीर जाते. पोस्ट कापायची वेळ आली तर आधी उंची पक्की करा, वर 10 मिमी जास्त ठेवून कापा, आणि आत बसण्याची किमान खूण शाबूत ठेवा. ब्रेकच्या नळ्या आणि तारा सगळ्या आतून जातात. पुढचं हँडल काढून विमानाच्या पेटीत घालताना नळीला पीळ बसला, तर ब्रेकचं ब्लीडिंग (नळीतली हवा काढून तेल भरणं) करावं लागतं. विमानप्रवास वारंवार असेल तर पेटीचं माप आणि हँडल किती काढावं लागतं, हे आधी विचारा. गोव्याच्या 70.3 ला (अर्ध्या अंतराच्या आयर्नमॅनला) गाडीने जाणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, पण परदेशी स्पर्धा करायच्या असतील तर तो नक्की येतो.

चाकांबाबत फोटोंच्या मागे जाऊ नका. कोनाला मागचं डिस्क चाक (आऱ्यांऐवजी पूर्ण बंद चकती) चालत नाही, कारण तिथले आडवे वारे. इतर बऱ्याच शर्यतींत ते चालतं. साठ किलोच्या आतल्या स्वाराने पुढे 80 मिमीची रिम लावली तर समुद्राकाठच्या वाऱ्यात हात एरोबारवर राहणार नाहीत. पुढे 50-60 आणि मागे 80 पुरेसं आहे. 28 मिमी ट्यूबलेस टायरमध्ये 70 किलोच्या माणसाने 65-70 पीएसआय हवेपासून सुरुवात करावी. रिम हुकलेस (टायर धरणारी कड नसलेली) असेल तर 72.5 च्या वर कधीच नको. उष्ण हवेत टायरमधलं सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेव्हा शर्यतीच्या आठवडाभर आधी ते तपासा. खोल रिमसाठी लांब व्हॉल्व्ह, आणि त्या व्हॉल्व्हवर बसणारं पंपाचं तोंड हाताशी हवं.

आता निवड. सीएफआर आणि सीएफ एसएलएक्स यांच्या फ्रेमचा आकार सारखाच. सीएफआरमध्ये वरच्या दर्जाचा कार्बन आणि सुटे भाग, किंमत दहा हजार युरोच्या घरात आणि वर. वजनातल्या फरकाला सपाट 180 किलोमीटरमध्ये फार अर्थ नाही, त्यामुळे या दोघांत एसएलएक्स हा जास्त शहाणपणाचा सौदा. पहिली ट्रायथलॉन सायकल असेल तर साधी सीएफ घ्या. तिच्या फ्रेममध्ये टाकी नाही, म्हणून हातांच्या मधे एक बाटली बांधा. ती स्वच्छ करणं सोपं, बदलणं स्वस्त. उरलेल्या पैशात अनुभवी माणसाकडून फिट (सायकल शरीराच्या मापाला बसवणं), पॉवर मीटर, चांगले टायर आणि एरो हेल्मेट येईल, आणि वेळ यातूनच कमी होईल.

तुमच्या शहरात ज्या ब्रँडचा विक्रेता आहे, त्याचाही हिशोब करा. ट्रेकची स्पीड कॉन्सेप्ट हीच सगळी कामं करते आणि तिच्या आयसोस्पीड या धक्के शोषणाऱ्या जोडणीमुळे खडबडीत रस्त्यावर सीट कमी धक्के देते. टेलर निब हिने तिच्यावर 70.3 चे जागतिक किताब जिंकलेत. सर्व्हेलोची पी-सिरीज साधी आणि सुटसुटीत आहे. मागचा हँगर (डिरेल्युर अडकवायचा तुकडा) वाकला, हँडलचा बोल्ट तुटला, किंवा शर्यतीच्या चार दिवस आधी ब्रेक पॅड संपले, तर तो भाग हातात यायला किती दिवस लागतील, हे लेखी विचारून घ्या. हँगर दोन, सीट-पोस्टची पाचर एक, टाकीचा चावा आणि नळी एक, एवढं सायकलसोबतच मागवा. नंतर एकेक मागवताना पाठवणावळ आणि सीमाशुल्क भागाच्या किमतीपेक्षा जास्त जातं.