'टिअर्स ऑफ द किंग्डम': नऊ महिने आणि दोन फेऱ्यांनंतर टेम्पल्सबद्दल

निन्टेन्डोच्या 'झेल्डा' या व्हिडिओ गेम मालिकेचे जुने चाहते २०१७ पासून एकच मागणी करत होते: डन्जन, म्हणजे कोड्यांनी भरलेल्या मोठ्या इमारती, परत द्या. त्या वर्षीच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये १२० श्राइन्स (छोट्या कोड्यांच्या खोल्या) होती आणि चार डिव्हाइन बीस्ट्स (आत शिरता येणारे प्रचंड यांत्रिक प्राणी) होते, पण ते चारही बीस्ट आतून सारखेच दिसायचे. तीच तपकिरी भिंत, तेच पाच टर्मिनल. मे २०२३ मध्ये 'टिअर्स ऑफ द किंग्डम' आला आणि त्यात टेम्पल्स, म्हणजे मालिकेतली मोठी डन्जन, परतली. मी गेम नऊ महिने खेळलोय, पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा. पहिल्या फेरीनंतर लिहिलं असतं तर वेगळं लिहिलं असतं.

मत बदललं ते फायर टेम्पलमुळे. हे टेम्पल जमिनीखालच्या डेप्थ्समध्ये, गोरोंडिया या गाडल्या गेलेल्या शहरात आहे. पाच घंटा वाजवायच्या, युनोबो या सोबत्याला त्यांच्यावर सोडायचं, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला खाणीतल्या गाड्यांचे रूळ आहेत. पहिल्या वेळी मी रुळांकडे बघितलंही नाही. पंखे आणि स्टिअरिंग स्टिक जोडून उडायचं यंत्र केलं, नकाशावर घंटा कुठे आहेत ते पाहिलं आणि सरळ त्या मजल्यावर उतरलो. उरलं तिथे भिंत चढलो. टेम्पल चटकन संपलं आणि मनात काहीच राहिलं नाही. पुष्कळ लोक फायर टेम्पलला सगळ्यात कंटाळवाणं म्हणतात, मीही म्हणायचो.

दुसऱ्या फेरीत नियम केला: उडायचं नाही, भिंत चढायची नाही, जायचं ते गाडीने. आणि तेच टेम्पल ओळखू येईना. आता रुळांचा सांधा महत्त्वाचा झाला, कारण तो चुकीचा असेल तर गाडी भलत्याच मजल्यावर नेऊन सोडते. युनोबोला कुठून फेकला तर सांधा बदलेल, लाव्हावर पाणी सोडून तयार झालेला दगड कुठल्या उंचीवर उपयोगी पडेल, हे सगळं डोक्यात एकत्र धरावं लागलं. दोन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या घंटेशी पोचलो तेव्हा मला ते शहर डोळे मिटूनही दिसत होतं. माझ्यासाठी चांगल्या डन्जनची खूण हीच आहे. खोल्या एकामागून एक सोडवून पुढे सरकणं वेगळं, आणि पूर्ण इमारत हळूहळू समजत जाणं वेगळं.

म्हणून जुन्या डन्जनसारखी 'कुलूप-किल्ली परत आणा' एवढ्या मागणीवर माझं समाधान होत नाही. १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम' या जुन्या झेल्डा गेममधलं वॉटर टेम्पल आठवा. ते अवघड होतं ते किल्ल्यांमुळे कमी आणि पाण्याच्या पातळीमुळे जास्त. एका ठिकाणी पाणी चढवलं की तीन मजल्यांचा अर्थ बदलायचा. लोखंडी बूट घालण्या-काढण्यासाठी दर वेळी मेनूत जावं लागायचं हा त्रास खरा होता, २०११ च्या थ्रीडीएस (हातात धरायच्या कन्सोल) आवृत्तीत तो काढला, आणि तरीही ते टेम्पल कोडं म्हणून भक्कमच राहिलं. नवं वॉटर टेम्पल आकाशात आहे, गुरुत्वाकर्षण कमी, उडी लांब जाते, बघायला फार सुंदर. पण चार नळ वेगवेगळ्या कोपऱ्यांत आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी काहीही संबंध नाही. नाव तेच ठेवल्यामुळे ते जास्त लागतं.

मला वाटतं यामागचं मूळ कारण क्रमाचं स्वातंत्र्य आहे. पहिली चार टेम्पल्स कुठल्याही क्रमाने करता येतात. म्हणजे प्रत्येक टेम्पलला 'खेळाडूचं हे पहिलंच असेल' असं धरून चालावं लागतं. पहिल्यात शिकलेलं दुसऱ्यात कामाला येत नाही, अवघडपणा चढत नाही. कथेलाही तोच फटका. टेम्पलच्या शेवटी असलेल्या प्रत्येक बॉसनंतर कटसीनमध्ये (मध्ये येणाऱ्या चित्रफितीत) जुन्या युद्धाची तीच हकीकत, जवळजवळ त्याच वाक्यांत. तिसऱ्यांदा ती ऐकताना मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्याच्या आधीची लढाई अप्रतिम होती.

त्यात असेंड ही शक्ती. छताला भोक पाडल्यासारखं वरच्या मजल्यावर निघता येतं. दिग्दर्शक फुजिबायाशी यांनी सांगितलंय की ही शक्ती मुळात चाचणीच्या सोयीसाठी केलेली होती आणि मग खेळातच ठेवली. खुल्या जगात ती वरदान आहे, गुहेतून डोंगरमाथ्यावर निघण्याचा आनंद मला अजून पुरलाय. डन्जनमध्ये मात्र मजला हीच भिंत असते, आणि असेंडपुढे ती भिंत उरत नाही.

लायटनिंग टेम्पल याला पुरून उरतं. गेरूडो वाळवंटातली ही एकच इमारत खरीखुरी जुनी वास्तू वाटते. आधी सापळ्यांची वाट, काटे, घरंगळत येणारे दगड, मग मजल्यांवर पसरलेल्या चार बॅटऱ्या. उजेड आरशांवरून वळवत वळवत आणायचा असतो. तुम्ही असेंडने वर पोचाल, पण उजेडाला तुमच्याबरोबर उडी मारता येत नाही, त्याला वाट करून द्यावीच लागते. खेळाडूला पूर्ण मोकळीक देऊनही इमारत कशी टिकवायची याचं उत्तर इथे सापडलेलं आहे. शिवाय गिब्डो नावाचे राक्षस अंगावर येतात, त्यांना आग, वीज किंवा उजेड लागल्याशिवाय साध्या तलवारीचा उपयोग होत नाही, म्हणजे जो आरसा कोडं सोडवतो तोच जीवही वाचवतो. मी ढालीला आरसा जोडून फिरत होतो.

विंड टेम्पलबद्दल सगळे भरभरून बोलतात, आणि ते बोलणं योग्य आहे, फक्त ते कौतुक टेम्पलपेक्षा वाटेचं आहे. हेब्रा या बर्फाळ डोंगराळ भागातल्या हिमवादळात तरंगत्या जहाजांच्या शिडांवर उसळ्या घेत वर, आणखी वर, संगीत टप्प्याटप्प्याने चढतंय, आणि शेवटी वादळाच्या डोळ्यात झेप. पहिल्या वेळी माझे हात थरथरत होते. आतले पाच टर्बाइन सोपे आहेत. तुटलेल्या दांड्याच्या जागी बर्फाचा लांब सुळका बसवण्याचं कोडं तेवढं लक्षात राहिलंय.

पाचव्या, स्पिरिट टेम्पलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. यंत्रमानवाचे चार अवयव गोळा करण्याचा कारखाना रंजक आहे, टेम्पल म्हणजे जवळपास फक्त लढाई.

श्राइन्स यात १५२ आहेत. बहुतेक एका कल्पनेची असतात, काही तर आत जाऊन पेटी उघडण्यापुरती. 'प्रूव्हिंग ग्राउंड्स'वाली मात्र एकही चुकवू नका. दारातच कपडे, शस्त्रं, सगळं काढून घेतात आणि तिथे पडलेल्या काठ्या-दगडांवर निभावायचं. सहा महिन्यांत जमवलेलं सामान नसताना माझ्या लक्षात आलं की मी खेळायला खरंच शिकलोय.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी हेब्रा, म्हणजे विंड टेम्पल, करावं, लायटनिंग टेम्पल चौथ्यासाठी राखावं, आणि फायर टेम्पलमध्ये गाडीतच बसावं. माझी तिसरी फेरी गेल्या आठवड्यात सुरू झाली. या वेळी टेम्पलच्या आत असेंड अजिबात वापरायचं नाही असं ठरवलंय. सध्या वॉटर टेम्पलमध्ये आहे, दोन नळ झालेत, दोन बाकी.