रिकंडिशन एसी कॉम्प्रेसर: घ्यावा, पण पाइपांत चुरा नसेल तरच

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे गेला की गाडीच्या कॉम्प्रेसरचा कस लागतो आणि आधीपासून कुरकुरणारा त्याच दिवसांत बसतो. घरी बदलायला तीन प्रकार मिळतात: कंपनीचा नवा, त्याच्यासारखा दिसणारा बिनब्रँडचा नवा आणि जुना जमा करून मिळणारा रिकंडिशन, म्हणजे दुरुस्त केलेला वापरलेला. बिनब्रँडचा आम्ही सुचवत नाही. त्याचे सुटे भाग पुढे मिळतील याची खात्री नसते. प्रश्न रिकंडिशनचा आहे, कारण जास्त लोक तोच घेतात.

पण त्याआधी आवाज नेमका कुठून येतो ते बघा. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर बहुधा पुलीचं बेअरिंग गेलंय. पट्टा काढून पुली हाताने फिरवली की खरखर बोटांना कळते. क्लच (कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारी चकती) उतरवा, सर्क्लिप (बेअरिंग अडकवणारी कडी) काढा, बेअरिंगच्या सीलवरचा नंबर दुकानात दाखवा. गॅसला हात न लावता काम होतं आणि खर्च कॉम्प्रेसरच्या किमतीपुढे काहीच नाही. एसी लावताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर क्लच घसरतोय. क्लच आणि पुलीमधल्या फटीत फीलर गेज (मापाच्या पातळ पट्ट्या) घालून पाहा. बहुतेक छोट्या गाड्यांत ०.३ ते ०.६ मिमी अंतर लागतं. जास्त असेल तर आतली शिम (पातळ वॉशर) कमी करायची. एसी चालू असेपर्यंतच खडखड येत असेल तर आधी माउंटिंगचे बोल्ट आवळून पाहा. तरीही थांबली नाही, तरच आतला माल झिजला असं धरा.

रिकंडिशन म्हणजे काय केलंय, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. पुष्कळदा शाफ्ट सील, ओ-रिंग आणि बेअरिंग नवं घालून वरून रंग मारलेला असतो. पिस्टन आणि त्यांना ढकलणारी तिरकी चकती (स्वॉश प्लेट) जुनीच राहते. त्यामुळे रंगावर जाऊ नका. मधला हब (क्लचचा शाफ्टवरचा भाग) हाताने फिरवा: अडखळता कामा नये, दाब एकसारखा जाणवला पाहिजे. डिस्चार्जच्या, म्हणजे गॅस बाहेर पडण्याच्या, तोंडावर अंगठा धरला की हवा ढकलली गेली पाहिजे. क्लचच्या कॉइलला १२ व्होल्ट देऊन क्लच टक् करून चिकटतो का पाहा. मीटरवर साधारण ३ ते ५ ओहम दिसले पाहिजेत. पुलीच्या खाचा आणि व्यास जुन्याशी जुळवा. दोन्ही तोंडांवर टोपणं नसतील तर घेऊच नका, आत दमट हवा आणि धूळ गेलेली असते.

आता शीर्षकातली अट. जुना कॉम्प्रेसर उतरवल्यावर डिस्चार्जच्या पाइपात बोट फिरवा. तेल स्वच्छ असेल तर रिकंडिशन खुशाल बसवा. तेल काळं आणि चमचमतं असेल तर तो धातूचा चुरा आहे आणि तो कंडेन्सरभर (गॅस थंड करणारी पुढची जाळी) पसरलाय. हल्लीच्या कंडेन्सरच्या बारीक नळ्या फ्लश मारून साफ होत नाहीत. मग कंडेन्सर, ड्रायर (ओल शोषणारी बाटली), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅस मापात सोडणारा) सगळं बदलावं लागतं, आणि एवढा खर्च करून त्यावर रिकंडिशन बसवणं आम्हाला पटत नाही. तिथे कंपनीचाच नवा घ्या. ‘रिकंडिशन टिकत नाही’ अशी तक्रार सर्रास ऐकू येते. अनेकदा त्याचं कारण पाइपांत राहिलेला हा चुराच असतो.

काम सुरू करण्याआधी मशीन असलेल्या गॅरेजमध्ये जुना गॅस काढून घ्या. नट ढिला करून हवेत सोडू नका. एसीतला आर-१३४ए गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता धरतो, आणि बाहेर पडताना उणे २६ अंशांना उकळत असल्याने बोटं जाळतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे काम घरी करूच नका, तिथला कॉम्प्रेसर उच्च व्होल्टेजवर चालतो.

सर्वाधिक चुका तेलात होतात. जुन्यातलं तेल मापात ओता, बसवायच्या कॉम्प्रेसरमधलं पूर्ण काढून टाका, आणि जेवढं जुन्यातून निघालं तेवढं, अधिक ड्रायर बदलल्याचे साधारण १० मिली, ताजं पॅग तेल (एसीचं कृत्रिम तेल) घाला. पॅग ४६ की १०० (तेलाचा दाटपणा), ते कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर असतं. डबा उघडा ठेवू नका, पॅग हवेतली ओल ओढतं. ड्रायर आणि हिरव्या ओ-रिंग नव्याच हव्यात, ओ-रिंगला तेल लावून बसवा. शेवटी हब हाताने दहा वेळा फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं तेल पुढे सरकतं.

मग पंपाने ४५ मिनिटं व्हॅक्युम मारा (पाइपांतली हवा ओढून काढा) आणि व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास काटा हलतो का पाहा. काटा २९.९ इंच पाऱ्यापर्यंत जावा असं सांगितलं जातं, पण ते समुद्रसपाटीचं गणित आहे. छत्रपती संभाजीनगर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, तिथे चांगला पंपही २८ च्या आसपास थांबतो. पंप परत करायला धावू नका. घरगुती एसीवाल्यांचा गेज सेट (दाब दाखवणारे मीटर) घेतलात तर गाडीचे कपलर (जोडणारी तोंडं) वेगळे घ्यावे लागतील: लो साइड (कमी दाबाची बाजू) १३ मिमी, हाय साइड (जास्त दाबाची बाजू) १६ मिमी.

गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या वजनानेच, वजनकाट्यावर भरा. डबा सरळ उभा धरा, उलटा केला तर द्रव आत जाऊन कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह मोडतात. इंजिन चालू असताना हाय साइडचा व्हॉल्व्ह उघडू नका, दाब उलटा येऊन डबा फुटू शकतो. सुरुवातीला एसी दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद असं पाच वेळा करा. ४२ अंशांच्या उन्हात हाय साइडला साधारण २३० ते २८० पीएसआय दिसले तर ठीक. ३०० च्या वर गेलं तर गॅस जास्त झालाय, पंखा फिरत नाही किंवा कंडेन्सर तुंबलाय. जालना-परभणीकडे जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू आणि धूळ मिळून कंडेन्सरवर नमद्यासारखा थर धरतो. तो इंजिनच्या बाजूने बाहेर, बेताच्या धारेच्या पाण्याने काढा, नाहीतर पाती वाकतात.